पोस्टरवरचं दुसरं नाव

धाराशिवच्या बसस्थानकासमोर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. रोज कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचे बॅनर छापायचे. एका दुपारी तामलवाडीचा योगीराज आला. बेंगळुरूच्या परिषदेसाठी त्याला संशोधनाचं पोस्टर हवं होतं. तो मला ‘ताई’ म्हणाला नाही... तिथंच मी फसले.

पोस्टरवर लालभडक ढग होता.

“ह्यात तारे जन्मतात,” तो म्हणाला. “शेजारच्या तरण्या ताऱ्यांचे अतिनील किरण ढगाच्या काठावर पडतात. तिथले रेणू तुटतात, अन् त्या तुकड्यांतनं नवेच जुळतात. आत मात्र धुळीची सावली. तिथले टिकतात.”

“आमच्या बॅनरचं तसंच. उन्हात लाल रंग आधी जातो.”

तो बघतच राहिला. “व्हय की...”

दुरुस्त्यांच्या निमित्तानं तो चारदा आला. चहा दोघांचा मागवू लागला. शेवटच्या दुरुस्तीत त्याच्या नावाशेजारी दुसरं नाव आलं – भुवनेश्वरी.

“ही कोण?”

“माझ्यासंगं काम करते. लई हुशार हाय. बेंगळुरूला संगंच जाणार आमी.”

“दिसायला?”

“पोस्टरवर फोटो लागत न्हाय,” तो हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला तिचा मत्सर वाटत होता, न बघितलेल्या बाईचा. जेवतानाही तेच नाव डोळ्यांपुढं.

पोस्टर तो पंधरा दिवसांनी नेणार होता. मी ते साध्या, उन्हात उडणाऱ्या शाईत छापलं आणि दाराबाहेर, एप्रिलच्या उन्हात टांगलं. रोज ती भुवनेश्वरी फिकी होताना बघून मला बरं वाटायचं.

तो आला तेव्हा ढग जेमतेम गुलाबी उरला होता.

“दुसरं छापते. दहा मिनिटं थांबा,” मी मान खाली घालून म्हणाले.

तो पोस्टरवर बोट फिरवत होता. “सगळं उडालं. माझंच नाव एवढं ठळक कसं? ह्याच्यावर सावली कुणी धरली?”

त्याच्या नावावर मी कागदाची पट्टी चिकटवली होती. तो दिसताच घाईनं काढली, ती अजून मुठीत होती.

“म्या,” मी मूठ उघडली. “ती तुमच्यासंगं जाणार, ते सोसवंना. अन् तुमचं नाव उन्हात ठेववंना.”

त्यानं माझ्या तळहातावरची पट्टी उचलली. हळूच म्हणाला, “सोनाली, चारातल्या तीन दुरुस्त्या म्या मुद्दामच काढल्या व्हत्या. आता तिचं नाव चांगल्या शाईत छाप. काम तिचंबी हाय.”

मी छापलं, अगदी ठळक. तरी त्यानं फिकं पोस्टरही गुंडाळून घेतलं.

“ते कशाला?”

“आईला दाखवायला. सावली धरणारी कोण, ते सांगायला लागंल न्हवं?”