सवतीचं मनगट

आमच्या थोरल्या दिरांचं, सूर्यभान भाऊजींचं, दुसरं लग्न झालं ते साल एकाहत्तर. महिना वैशाख. त्याच मांडवात माझंही लग्न लागलं. म्हणून ते साल मी विसरणं शक्य नाही.

पुढं सांगते ते आमच्या घरात घडलेलं आहे. काही मी डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं चांगुणाबाईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, मला जात्यावर बसून सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. उलट खरं बोलून भांडणं ओढवून घ्यायची सवय होती.

गाव राहुरी तालुक्यातलं, मुळा नदीच्या काठचं. वेळ बहुतेक दुपारची. रात्रीचं यात काही नाही. तेच मला आजवर खातं.

भाऊजींची पहिली बायको साळूबाई. दीड वर्ष आधी वारली होती. कशानं, ते कुणाला कळलं नाही. खायची, प्यायची आणि वाळत जायची. शेवटी शेवटी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. कासारणीनं लहान पोरींच्या मापाच्या बांगड्या आणल्या, त्याही गळून पडल्या. मग सासूबाईंनी दोऱ्यानं बांधल्या.

चांगुणा कोपरगावकडची. हाडापेरानं दणकट, सातवी पास. लग्नाच्या दिवशीच तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात टाक आला. चांदीचा पैशाएवढा पत्रा, त्यावर बाईचा ठसा. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. आणि अंगावर कुठलीही नवी वस्तू घालायची, तर ती आधी टाकाला दाखवायची. टाक उतरवून पाटावर ठेवायचा, हळदकुंकू लावायचं, वस्तू पुढं ठेवायची, हात जोडायचे. "बाई, तुझं झालं, आता मी घालते," असं म्हणायचं. मग ती उचलायची.

नवं लुगडं आलं, आधी साळूबाईला. बांगड्या भरल्या, आधी साळूबाईला. जोडवी, डोरल्याचे मणी, एकदा तर साधी फणी.

"धाकटे, या घरात माझ्या आधी सगळं तिच्या अंगाला लागतंय," चांगुणा म्हणायची. "मी काय तिची उष्टी खरकटी काढायला आलेय का?"

मी हसायचे. ती हसायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळात गावात बालवाडी निघाली. खडी फोडायला जाणाऱ्या बायांची पोरं तिथं बसायची, त्यांना खायला सुकडी मिळायची. सातवी पास म्हणून चांगुणा बालवाडीची बाई झाली. अकराला उघडायची, दोनला बंद करायची. पण वेळ कळणार कशी? गावात घड्याळं तीन, तिन्ही पुरुषांच्या हातात.

त्या भाऊबीजेला तिचा भाऊ आसाराम आला. तो नगरला मोटारगाडीवर होता. ओवाळणीच्या ताटात त्यानं लेडीज घड्याळ ठेवलं. पांढरी तबकडी, तांबडा चामडी पट्टा. पट्ट्याला पाच भोकं.

"दादा, माझ्यासाठी?" तिनं विचारलं.

"मग काय दाजींसाठी? त्यांच्या मनगटात बैलाचं जू बसंल, हे न्हाई."

चांगुणानं लगेच हातावर बांधलं. तिचं मनगट रुंद. दुसऱ्या भोकात बरोबर बसलं.

सासूबाई, मुक्ताबाई, चुलीपाशी होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "आगं, तिला दाखवलंस का?"

"आत्याबाई, घड्याळ काय दागिना हाय का? यंत्र हाय ते."

"अंगावर घालायचं म्हंजे दागिनाच."

"मग चष्मा लावला तर तो बी दाखवायचा का तिला? सरकारी कामाला लागतंय म्हणून घातलंय. हे माझं हाय. हे एकच माझं हाय. न्हाई दाखवणार."

सासूबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की आम्हाला भीती वाटायची.

पहिले आठ दिवस काही नाही.

नवव्या दिवशी दुपारी चांगुणा जेवून लवंडली. घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं होतं. उठून बांधायला गेली, तर...

बक्कल लावलेलं होतं.

तिनं ते उघडंच ठेवलं होतं, हे तिला पक्कं आठवत होतं. आता पट्टा गोल होता. आणि बक्कल होतं पाचव्या भोकात. अगदी शेवटच्या.

तिला वाटलं, मीच घालून पाहिलं.

"हौस असंल तर मागून घ्यायचं ना!"

"आक्का, मला घड्याळातलं काय कळतंय? आन पाचव्या भोकात माझं मनगट तरी जाईल का?" मी हात पुढं केला. माझाही हात काही काडी नव्हता.

मग तिचा संशय सासूबाईंवर गेला. सासूबाईंच्या हाताला तर पट्टा पुरतही नव्हता. चांगुणा चिडली. चिडून मिरवायला लागली. दिवसभर काढायची नाही. फक्त अंघोळीला आणि दुपारी निजताना.

आणि रोज दुपारी... पाचवं भोक.

संक्रांतीला ती माहेरी गेली. जाताना घड्याळ पत्र्याच्या पेटीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला. "बघतेच आता," म्हणाली. आठ दिवसांनी आली. पेटी उघडली. त्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागायची. एक दिवस विसरली तर दुसऱ्या दिवशी बंद.

ती पेटीपुढं बसली आणि हललीच नाही. मी जवळ गेले.

टिक... टिक... टिक...

आठ दिवसांनंतर घड्याळ चालू होतं. भाऊजींनी चावडीवरून वेळ विचारून आणली. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

"तूच निघताना चावी दिली असशील," भाऊजी म्हणाले.

"आठ दिवस चालतंय व्हय?"

"मग भारीचं असंल. आसारामला विचार."

तिनं कपाळावर हात मारला. काहीही सांगा, त्यावर भाऊजींकडं एक साधं उत्तर तयार असायचं. त्या उत्तरांनीच ती जास्त पेटायची. "भूत हाय म्हणा, न्हाईतर मी येडी हाय म्हणा," ती म्हणाली, "पण भारीचं हाय म्हणू नका!"

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी राहुरीला गेलो. शामकांत म्हणून एक घड्याळजी होते. देवमाणूस. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, यंत्र पाहिलं.

"यंत्र नवं आहे, काही बिघाड नाही. पण बाई, पट्टा जुना का लावला?"

"जुना न्हाई. घड्याळासंगंच आलाय. तीन महिनं झालं."

"तीन महिन्यांत असं होत नाही." त्यांनी पट्टा उजेडात धरला. "ही घडी पाहा. पाचव्या भोकाशी चामडं पार मोडलंय. आतून घामानं काळं पडलंय. रोज, तासन् तास कुणीतरी घातलंय हे. अगदी बारीक मनगटाचं कुणीतरी. घरात आजारी माणूस आहे का?"

चांगुणानं पदराखाली स्वतःचं मनगट चाचपलं.

"आणि दुसऱ्या भोकाशी," ते म्हणाले, "एवढीशीसुद्धा घडी नाही. तुम्ही हे घालता म्हणता?"

चांगुणा तीन महिने ते दुसऱ्या भोकात घालत होती.

गाडीत ती रडली. भीतीनं नाही, रागानं. "माझ्या हातावर असतंय तरी ते माझं न्हाई गं, धाकटे. खूण बी तिचीच पडती."

शिमग्याच्या आसपास पट्ट्याला सहावं भोक पडलं. पाचव्याच्या बोटभर पुढं. टोच्यानं पाडलेलं नव्हतं. कडा आत दबलेल्या होत्या, जणू चामड्यावर बोट टेकून टेकून झिजवलं असावं. मी स्वतः त्यावरून अंगठा फिरवला आहे.

एवढं बारीक मनगट जिवंत माणसाचं नसतं.

सासूबाई म्हणाल्या, "एकदा दाखव. तुझं काय जातंय? म्हातारीचं ऐक."

चांगुणा तीन दिवस जेवताना बोलली नाही. चौथ्या दिवशी, बालवाडीला सुट्टी होती, भर दुपारी बाराला तिनं पाट मांडला. गळ्यातला टाक उतरवला. हळदकुंकू लावलं. ते लावलं म्हणण्यापेक्षा फेकलं. घड्याळ पाटावर आदळलं.

"घे! तुझं तुला घे. लुगडी घेतलीस, बांगड्या घेतल्यास, नवरा बी झोपंत तुझंच नाव घेतोय. हे बी घे. मला नको!"

आणि उठून बाहेर गेली.

सासूबाई धावत आल्या. पहिल्यांदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

"आगं, काय केलंस! नुसतं दाखवायचं असतंय, देऊन टाकायचं नसतंय! 'आता मी घालते' म्हणून परत उचलायचं असतंय!"

"आता उचलते की मग," मी म्हणाले.

"तू हात लावू नको!" त्या ओरडल्या. मग चांगुणाला म्हणाल्या, "तूच उचल. बोल तेवढं."

चांगुणा ओट्यावर पाठ करून बसली होती. "मेले तरी न्हाई बोलणार."

घड्याळ देव्हाऱ्यात टाकापाशी राहिलं. त्या दिवसापासून टाकही तिनं गळ्यात घातला नाही.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी मी दाणे निवडत होते. ती माझ्यासमोरच भिंतीला टेकून झोपली होती. दोन्ही हात मांडीवर, उघडे. नुसत्या बांगड्या. मी सुपाकडं पाहिलं. एक मूठ पाखडली असेल. वर पाहिलं...

तिच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं.

सहाव्या भोकात.

पट्टा मांसात रुतला होता. दोन्ही बाजूंनी हात फुगला होता, बोटं निळी पडत होती. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. देव्हाऱ्याच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी किंचाळले. ती जागी झाली, पाहिलं, पण ओरडली नाही. दात आवळून हात माझ्यापुढं धरला. मी तेल लावलं. बक्कल निघेपर्यंत माझी नखं मोडली. वळ आठ दिवस होता.

"दिलेलं परत केलं तिनं," चांगुणा म्हणाली. "म्हंजे आता माझं झालं."

तिनं ते उचललं आणि दुसऱ्या भोकात बांधलं. त्यानंतर दुपारी बक्कल कधीही आपोआप लागलं नाही. एकदाही नाही. आम्हाला वाटलं, मिटलं.

वैशाखात ती म्हणाली, "धाकटे, दुसऱ्या भोकात ढिलं हुतंय गं."

तिसऱ्यात बांधायला लागली.

जेवण कमी नव्हतं. माझ्यासमोर दोन भाकरी खायची. आषाढात चौथं भोक. भाऊजींनी नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटो काढला, रक्त तपासलं. काही निघालं नाही. "खायला घाला," डॉक्टर म्हणाले. भाऊजी तेच येऊन सांगत बसले, "खायला घाला म्हणालेत."

"मी खातेय!" ती ताट आपटून म्हणाली. "समद्यांच्या म्होरं खातेय! दिसत न्हाई का कुणाला?"

श्रावणात पाचवं. पोळ्याच्या सुमाराला बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. कासारीण आली, तिनं हात हातात घेतला आणि न भरताच उठली. म्हणाली, "मुक्ताबाई, ह्या मापाच्या बांगड्या मी या घरात एकदा आणल्या हुत्या."

सासूबाईंनी घड्याळ काढून नदीत टाकायचं ठरवलं. चांगुणानं हात छातीशी धरला. "हात लावायचा न्हाई. एवढं एकच माझं हाय."

शेवटच्या दिवशी दुपारी तिनं मला जवळ बोलावलं. पट्टा सहाव्या भोकात होता. ना घट्ट, ना सैल. बोटभरही फट नाही, वळही नाही. जणू मापावर बेतलेला.

"बघ," ती म्हणाली. "आता बसलं."

आनंदानं म्हणाली की रागानं, ते मला आजवर ठरवता आलं नाही.

भाऊजींनी तिसरं लग्न केलं नाही. सासूबाई विषय काढायच्या, ते उठून जायचे. देव्हाऱ्यात आता टाक दोन आहेत. घड्याळ माझ्या पेटीत तळाशी, फडक्यात बांधलेलं. त्याला चावी द्यायची राहिली, त्याला आता पन्नास वर्षं झाली. फडकं मी एकदाही सोडलेलं नाही. पेटीशी कान नेत नाही. दुपारी तर त्या खोलीत जातच नाही. सातवं भोक पडलं आहे की नाही, ते मला पाहायचं नाही.

चांगुणाबाई सूर्यभान, वय वर्षं चोवीस, त्र्याहत्तर सालच्या दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी, आमच्या घरात वारल्या.