दुधी काचेत सरळ

"हसू नका," काका म्हणाले. "या माणसाला मी तीस वर्षं ओळखतो. कॅमेरे दुरुस्त करायचा. आम्ही त्याला स्क्रू म्हणायचो."

मागच्या वर्षीची गोष्ट. चोवीस सप्टेंबर, मंगळवार. एका स्टुडिओवाल्यानं स्क्रूकडे आपल्या आजोबांचा कॅमेरा दिला. लाकडी, तिपाईवरचा, डोक्यावर काळं कापड घेऊन बघायचा. "याचं वय काढून दे. पाटी लावायचीय, सकाळी हवंय."

स्क्रूनं तो घरी नेला. घरात दोघंच, तो आणि धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा भाऊ चार वर्षांचा. यानंच वाढवला, त्याच्यापायी लग्नही केलं नाही. भाऊ तापातून नुकता उठला होता, खिडकीशी खाटेवर पडून होता.

"दादा, निघालं का म्हाताऱ्याचं वय?"

"भिंगावरचा नंबर साठ सालचा आहे. लाकूड त्याहून जुनं दिसतंय. दात नवे बसवलेत, हाडं जुनी."

"तुझ्यासारखंच की!"

"झोप मुकाट्यानं."

भिंग बदलतात, पुढचा घड्यांचा भाताही बदलतात. पण या कारागिरांची एक रीत असते. कॅमेरा उघडला, की आतल्या लाकडावर पेन्सिलीनं तारीख टाकायची. आधीच्याची पुसायची नाही. सगळ्यांत जुनी तारीख, ते त्याचं किमान वय.

स्क्रूनं भाता सोडवला. चार तारखा, चार हातांच्या. पहिली एकोणीसशे एकतीसची. काम फत्ते! पण प्रत्येक तारखेखाली, ती तारीख टाकणाऱ्याच्याच अक्षरात, एकेक शब्द होता. बायको. आई. मुलगा. बायको.

'कुणाचे फोटो काढले ते लिहिलं असेल,' असं म्हणून त्यानं खाली आपली तारीख टाकली. नुसती तारीख. भाता परत बसवला.

पावणेबारा वाजले होते. बघावं नीट चालतोय का, म्हणून त्यानं कॅमेरा खाटेकडे वळवला आणि कापडात डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. खाट वर, पंखा खाली. भाऊ उलटा, शांत झोपलेला.

आणि खाटेशेजारी कुणीतरी उभं होतं. सरळ.

"काचेत सरळ... म्हणजे खोलीत उलटं?" मी विचारलं.

"हं. छताला पाय."

स्क्रूनं डोकं बाहेर काढलं. खोलीत कुणी नाही. पुन्हा कापडात. ते जवळ आलेलं. पुन्हा बाहेर. कुणी नाही. पुन्हा आत. आता त्याचं तोंड भावाच्या तोंडाशी...

बघत राहिलं, की ते हलत नव्हतं. म्हणून तो बघत राहिला. हाक मारायची होती. पण तेवढ्यात नजर हलली तर? पापणीसुद्धा लववली नाही त्यानं.

मग लाईट गेली.

काच काळी. सगळं काळं.

आणि अंधारात भाऊ झोपेतच म्हणाला, "दादा... पंखा बंद कर ना. गार वारा लागतोय तोंडाला."

पंखा तर लाईटीबरोबरच थांबला होता.

...

वीस मिनिटांनी लाईट आली. काचेत खाटेशेजारी कुणी नाही. भाऊ गार पडला होता.

"डॉक्टर म्हणाले, तापानं हृदय दमलं होतं," काका म्हणाले. "कॅमेरा त्यानं परत दिलाच नाही. महिन्यानं स्क्रूनं मला बोलावलं. माझ्यासमोर भाता सोडवला. मधे कुणी हात लावला नव्हता त्या कॅमेऱ्याला. त्याच्या तारखेखाली एक शब्द होता."

"कुठला?"

"भाऊ. अक्षर स्क्रूचंच."