दीनानाथच्या हाताचं घर

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती तर हिचा शेवट मी जरा बरा केला असता.

घडली ती पुण्यात, शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला असलेल्या एका बोळात. सवाई माधवरावांची कारकीर्द होती आणि फौजा कर्नाटकात गेल्या होत्या. जिच्या बाबतीत घडली ती मथुराबाई आमच्याच घराण्यातली. तिने ती लेकीला सांगितली, लेकीने पुढे, आणि अशी ती माझ्यापर्यंत आली. मध्ये कुणी तिखटमीठ लावलं असेल, तर ते मला तरी सापडलेलं नाही.

माघातली संध्याकाळ. दिवेलागण व्हायची होती.

नवं घर जवळजवळ उभं राहिलं होतं. गवंडी हातपाय धुऊन निघून गेले होते. मथुराबाई एकटीच माजघरात उभी होती, गिलावा कितपत वाळला ते बघत.

आणि बाहेर ओटीवरून आवाज आला...

थप्.

थोडं थांबून, जरा पुढे सरकून...

थप्.

कुणीतरी भिंतीवर हात आडवा टेकवत होतं. कोपरापासून बोटांपर्यंत. टेकवायचा, उचलायचा, पुढे टेकवायचा. भिंत मोजत होतं.

मथुराबाईने मागे सरून खांब धरला. अशी हाताने भिंत मोजायची सवय एकाच माणसाला होती.

आणि त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता.

तो माणूस म्हणजे तिचा धाकटा दीर, दीनानाथ. सासूबाई गेल्या तेव्हा हा एवढासा होता. मथुराबाईनेच त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, गोवरात मांडीवर घेऊन बसली. नावाला दीर, वाढवला लेकासारखा.

तिचा नवरा अनंतराव फौजेबरोबर कारकून म्हणून गेला होता. जाताना सांगून गेला होता, "जागा घेतलीच आहे. मी येईपर्यंत घर उभं राहू दे. दीना बघेल सगळं."

पायाभरणीला तो यायचा होता. पण मोहीम लांबली. मुहूर्त तोंडावर आला आणि दत्तोबा गवंडी डोकं खाजवत दारात उभा राहिला.

"बाईसाहेब, माप कुनाचं घेऊ? घर मालकाच्या हातानं मोजायचं असतंया."

रीतच होती तशी. मालकाचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तेवढी काठी कापायची. मग जोतं असो, दार असो की जिना, सगळं त्या काठीने मोजायचं. घर मालकाच्या अंगाला बसलं पाहिजे, अंगरख्यासारखं.

मालक तर कर्नाटकात. हा मुहूर्त टळला तर पुढचा कधी, कोण जाणे. भाड्याच्या बिऱ्हाडाला मथुराबाई कंटाळली होती.

ती म्हणाली, "भावोजी, तुम्हीच द्या हात. भाऊभाऊ तुम्ही, वेगळे का आहात?"

दीनानाथ हसला. "वहिनी, मग घर माझं होईल बरं का. मागाहून रडू नका."

"व्हा मालक. निदान मालकाने वेळेवर जेवायला तरी यावं."

झालं. काठी कापली गेली.

आणि दीनानाथला घराचं वेडच लागलं. चुन्याची घाणी फिरायला लागली की हा तिथे हजर. सागवानाचा एकेक खांब त्याने वखारीत जाऊन, टिचक्या मारून निवडला. विटा कच्च्या निघाल्या तेव्हा गाडीवाल्याशी असा भांडला की सगळा बोळ गोळा झाला. काठी असायची दत्तोबाकडे. हा आपला हातच भिंतीला लावून मोजत जायचा. वरच्या मजल्यावर पूर्वेची खोली त्याने स्वतःसाठी काढली होती. मुलगी ठरली होती. वैशाखात लग्न, तेही नव्या घरात.

मार्गशीर्षात लाकूड चोरीला जायला लागलं. हा राखणीला उघड्यावर झोपायला लागला.

मथुराबाई म्हणाली, "एखादा माणूस ठेवा ना राखणीला."

"आपल्या घराची राखण दुसऱ्याने कशाला करायची, वहिनी?"

थंडी छातीत भरली. काढे झाले, शेक झाले, नवस झाले. तापात तो पांघरुणावर हात टेकवत राहायचा. टेकवायचा, उचलायचा, पुढे टेकवायचा... ओटीपासून मोजायला लागायचा आणि मध्येच विसरून पुन्हा ओटीवर यायचा.

पौषात तो गेला.

ज्या घरापायी गेला, त्यात एक रात्रही न राहता.

तर अशा त्या माघातल्या संध्याकाळी मथुराबाई ओटीवर आली.

ओटी रिकामी होती...

ओल्या गिलाव्यावर मात्र बोटांचे ठसे उमटले होते. ओळीने, सारख्या अंतरावर, थेट दारापर्यंत.

सकाळी दत्तोबाने ते पाहिले आणि त्याच्या हातातली थापी खाली पडली.

"मांजर फिरलं असेल," मथुराबाई म्हणाली.

"मांजराला अशी बोटं नसत्यात, बाईसाहेब."

त्याने ठसे पुसून घेतले. पुन्हा संध्याकाळ झाल्यावर तो त्या घरात थांबला नाही.

मथुराबाई थांबायची. काम बघायचं निमित्त करून रोज थांबायची. भीती पहिल्याच दिवशी सरली होती. आवाज ओटीवरून सुरू व्हायचा, माजघरातून जायचा, जिन्याने वर चढायचा आणि पूर्वेच्या खोलीत जाऊन थांबायचा. ती खाली पायरीवर बसून पदराला डोळे पुसायची. कसं का होईना, पोर घरात आहे, एवढंच तिला वाटायचं.

चैत्रात अनंतराव परतला. भावाची बातमी त्याला वाटेतच कळली होती. आल्या आल्या तो धाकट्याचं पागोटं मांडीवर घेऊन बसला.

गाजावाजा न करता वास्तुशांत उरकली. मंडळी राहायला आली.

पहिल्याच दिवशी अनंतरावाचं कपाळ चौकटीवर आपटलं.

मग माजघराच्या दारावर. मग जिन्यात. तो ताडमाड उंच, हात गुडघ्यापर्यंत पोचणारे. दीनानाथ चणीने लहान.

"घर माझंच आहे ना?" अनंतराव कपाळ चोळत म्हणाला. "दारांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

तेवढ्यात तिन्हीसांजेचा आवाज सुरू झाला...

थप्.

थप्.

ओटी... माजघर... जिना...

त्यांची लेक शकू सागरगोटे खेळत होती. तिने मानही वर केली नाही.

"काका घर मोजतोय," ती म्हणाली.

अनंतराव कपाळ चोळायचं विसरला.

दुसऱ्या दिवशी त्याने दत्तोबाला बोलावून विचारलं, "माप कुणाच्या हाताचं?"

मथुराबाईच पुढे झाली. "भावोजींच्या. मीच सांगितलं होतं."

अनंतराव रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्याने ज्योतिषी आणला. ज्योतिषाने घर फिरून पाहिलं. "गेलेल्याला आपण गेलो हे कळलेलं नाही," तो म्हणाला. "तो मालक म्हणून वावरतोय, आपण पाहुणे आहात. आज नुसता मोजतोय. उद्या या पोरीला हाक मारली आणि ती गेली, म्हणजे?"

उपाय सोपा होता. पुढचं दार बुजवायचं. अनंतरावाच्या हाताने भिंत मोजून दुसरीकडे नवी चौकट बसवायची. म्हणजे घराचा मालक बदलला.

"आणि तो कुठे जाईल?" मथुराबाईने विचारलं.

"माझा सख्खा भाऊ आहे तो," अनंतराव म्हणाला. "मला काय हौस आहे? पण शकू..."

लेकीचं नाव निघालं आणि तिने शकूला जवळ ओढलं.

दार बुजलं. नवी चौकट बसली, उंच, ऐसपैस. त्या संध्याकाळी सगळे श्वास रोखून बसले.

काहीच नाही...

अनंतरावाने सुटकेचा निःश्वास टाकला. मथुराबाईला मात्र घर इतकं रिकामं वाटलं, की ती देवासमोर दिवा लावायचं विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आवाज आला.

पण आत नाही...

बाहेरून. बोळातून.

थप्... थप्... थप्...

बाहेरच्या भिंतीवर हात टेकवत तो येत होता. मोजून मापून, नेहमीसारखा. जिथे दार असायला हवं तिथे येऊन थांबला.

शांतता...

मग बुजवलेल्या विटांवरून हात फिरल्याचा आवाज. वर, खाली. पुन्हा वर.

आणि पुन्हा भिंतीच्या टोकापासून... थप्... थप्... आपलंच मोजायला चुकलं असं वाटलं असावं त्याला. पुन्हा तिथेच येऊन थांबला. पुन्हा विटा चाचपल्या. पुन्हा पहिल्यापासून.

अनंतरावाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मथुराबाई उठली. कुणाला न विचारता तिने नवं दार सताड उघडलं. दिवा हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. बोळात कुणीच नव्हतं.

"भावोजी," ती म्हणाली, "दार इकडे आहे. या... आत या."

आवाज थांबला.

ती वाट बघत राहिली. ज्योत जराही हलत नव्हती.

मग पावलं वाजली. हळू, अनवाणी... दाराकडे येणारी नव्हे. बोळातून नदीकडे जाणारी.

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. स्वतःच्या घरी आलेल्या माणसाला कुणी 'आत या' म्हणत नाही. तसं पाहुण्याला म्हणतात.

"भावोजी, थांबा!" म्हणून ती अनवाणीच धावली. पार घाटापर्यंत गेली. पाणी संथ होतं. पलीकडे कुणी गुरं हाकत होतं, तेवढाच आवाज.

तो पुन्हा आला नाही.

शकूच्या पाठीवर मुलगे झाले. शकू मोठी झाली, लग्न होऊन गेली. अनंतराव त्या घरात पुष्कळ वर्षं सुखाने राहिला म्हणतात. मथुराबाई मात्र रोज दिवेलागणीला बुजवलेल्या दाराशी भिंतीला कान लावून बसायची. सुना हसायच्या. ती बसायची.

मला कुणी विचारलं, तुला या गोष्टीची भीती वाटते का, तर त्याच्या येण्याची नाही वाटत. पण संध्याकाळी घाटाच्या बाजूने जाताना पाय आपोआप थबकतात, आणि इतकं मोजून, निवडून बांधलेलं घर सोडून तो बिचारा कुठे राहत असेल, या विचाराने घरी येऊनही जीव थाऱ्यावर राहत नाही.