डब्यात उमटलेली मामी

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

माझ्या सख्ख्या मामाच्या घरात हे घडलं. चौथा मजला, वर गच्ची. मामा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. संध्याकाळ झाली की स्वतः बनवलेली दुर्बीण घेऊन गच्चीवर. मामी म्हणायची, "सवत असती तर भांडले तरी असते. शनीशी काय भांडू?"

मग त्याला पिनहोल कॅमेऱ्याचं वेड लागलं. पत्र्याचा रिकामा डबा, आत फोटोचा कागद, पुढे सुईच्या टोकाएवढं भोक. बस्स. डबा उन्हाकडे तोंड करून बांधायचा आणि सहा महिने विसरून जायचं. सूर्य आकाशातून जाता जाता रोज कागदावर एक रेघ ओढतो.

अशा फोटोत माणूस येत नाही. कोणी येवो, जावो, तासभर बसो… कागदाला पत्ता नसतो. उमटतं ते फक्त न हललेलं.

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी मामाने डबा पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधला. सर्वांत मोठ्या दिवशी, भर दुपारी सोडवला. कागद स्कॅन करून संगणकावर लावला.

रेघा सुरेख आल्या होत्या. समोरची छपरं आली होती. गच्चीचा कठडा…

आणि कठड्यापाशी एक बाई.

पाठमोरी. उजवा खांदा जरा उतरलेला. मामाला ओळखायला क्षणही लागला नाही.

गुडघ्यांमुळे मामी कित्येक वर्षांत गच्चीवर चढली नव्हती. आत्ताही ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मामा उठून तिला बघून आला. खुर्चीत बसला. पुन्हा उठून बघून आला.

तिला मात्र काही बोलला नाही.

आधी गेला तो पावलांचा आवाज. मामीच्या चपलांची फटफट अख्ख्या जिन्याला पाठ होती. आता ती शेजारी येऊन उभी राहिली तरी मामाला कळेना.

मग एकदा मोठ्या दुकानाचा आपोआप उघडणारा दरवाजा तिच्यासमोर उघडलाच नाही. ती मागे झाली, पुढे झाली… मामा आला तेव्हा उघडला. वजन उतरलं म्हणायचं माझं, असं म्हणून ती हसली.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. फक्त रक्त घेणारी मुलगी विचारत होती, पेशंट कुठे आहेत? मामी तिच्या समोरच बाही वर करून बसली होती.

शेवटी मामाने तिला फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला.

"मीच आहे," ती म्हणाली. "अहो, पण मी तिकडे बघतेय काय?"

मामाने कागद जाळला. डबा हातोडीने चेपून टाकला. दुसऱ्या दिवशी मामीचा आवाज इतका बारीक झाला, की कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागे. मामाने दुकान सोडलं. दिवसभर तिचा हात धरून बसायचा.

मी भेटायला गेलो होतो. मामी दिसत होती… पण नजर हटली की ती खोलीत आहे हेच विसरायला व्हायचं. मी मामाला विचारलं, मामी कुठेय? मामाने नुसतं बोट दाखवलं. ती समोर बसून माझ्याकडेच बघत होती.

एका दुपारी मामाला बसल्या बसल्या डुलकी लागली. तिचा हात हातात होता.

जाग आली तेव्हा मूठ मिटलेलीच होती… आत काही नव्हतं.

दाराला आतून कडी होती. पोलिसांनी मामीचा फोटो मागितला. मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोत मामाच्या शेजारची जागा रिकामी निघाली.

मामाने नवा डबा बांधला. सहा महिने वाट पाहिली.

मामी आली. कठड्यापाशीच, पण आता डब्याकडे वळलेली. तो फोटो मी पाहिलाय. तिचं तोंड उघडं आहे. बोलतेय की ओरडतेय, सांगता येत नाही.

मामाला आमच्याकडे आणायचा मी खूप प्रयत्न केला. ती तिथे एकटी आहे, एवढंच तो म्हणायचा.

आता पाइपला तिसरा डबा बांधलाय. तो उजाडताच गच्चीवर जातो. कठड्यापाशी, जराशी जागा सोडून बसतो. मावळेपर्यंत.

काल मी वर गेलो. ऊन रणरणत होतं. हाक मारली. त्याने मान वळवली नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, तोही पुसला नाही. मी उठवायला दंड धरला… त्या उन्हात दंड बर्फासारखा गार होता.

"हलवू नकोस रे," तो म्हणाला. "यावेळी येईन मी."

मी हात सोडला.

आई रोज विचारते, घेऊन का आला नाहीस? तिला काय सांगू, मला खरंच कळत नाही.