एल्डिंग ग्रीनचा बाक

बाक जागेवर नव्हता.

थर्झा पास्क सायकलवरून उतरली आणि तिनं हातातला कागद पुन्हा वाचला. ‘एकसष्टावा मैल. एल्डिंग ग्रीन. लिंडनच्या झाडाखाली बाक. प्रश्न : बाकावर कोणतं साल कोरलंय?’ वडिलांचं बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. झाड होतं. झाडाखालच्या गवतात पिवळे पडलेले चार चौकोनही होते. बाक तेवढा नव्हता.

“चोरीला नाही गेला,” मागून आवाज आला. “माझ्याकडे आहे.”

ती वळली. समोरच्या गुलाबी घराच्या फाटकाला टेकून एक उंच माणूस चहा पीत उभा होता. केसांत लाकडाचा भुसा, आणि चेहऱ्यावर घाई नावाची चीज नाही.

“म्हणजे तुम्हीच नेलात!”

“गावसमितीनं न्यायला लावला. पाय कुजले होते. मी एबल केरिज, सुतार. बसायची फार घाई आहे का?”

“मला बसायचंच नाहीये. त्याच्यावरचं साल वाचायचंय.”

“एवढंच ना? मग सांगतो की…”

“मला नाही हो, त्रेचाळीस जणांना वाचायचंय!”

हे त्रेचाळीस जण म्हणजे तिच्या वडिलांच्या फेरीतले सायकलस्वार. दर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधल्या सफक परगण्याच्या गावागावांतून ऐंशी मैलांची ही फेरी निघे. मधला जवळचा रस्ता कुणी धरू नये म्हणून प्रत्येकाच्या कार्डावर गावातल्या एखाद्या वस्तूबद्दल प्रश्न असे. तिथून गेल्याशिवाय उत्तर लिहिता येत नसे. आणि फेरी भरवणाऱ्यानं उन्हाळ्यात सगळ्या रस्त्यानं स्वतः सायकलवरून जाऊन प्रत्येक वळण, प्रत्येक उत्तर तपासायचं, हा दंडक. एडमंड पास्कनं तो बावीस वर्षं पाळला. मार्चमध्ये वडील गेले. आता पाळी थर्झाची होती, पहिली आणि शेवटचीही. चार ऑक्टोबरला तिचं न्यूझीलंडचं विमान होतं. तिथल्या रुग्णालयात नोकरी पक्की झाली होती. तिच्यामागे फेरी कोण भरवणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

एबलच्या कारखान्यात बाक उताणा पडला होता. पाठीच्या वरच्या फळीला त्यानं अंगठा लावला, तर सालातला नऊचा आकडा भुसभुशीत होऊन खाली पडला.

“साल गेलं,” तो म्हणाला.

“मग बाबांचा प्रश्नही गेला.” बोलता बोलता तिचे डोळे भरले आणि तिला स्वतःचाच राग आला. परक्या माणसासमोर, एका कुजक्या फळीसाठी!

त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. एक लाकडी खुंटी उचलून भोकात बसवली, हलकेच ठोकली.

“स्क्रू नाही लावत?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“स्क्रू म्हणजे उद्या मन बदललं तर असलेली सोय. बाकानं मन बदलायचं नसतं.”

त्यानंतर थर्झाला एल्डिंग ग्रीनचं वळण पुन्हा तपासावंसं वाटलं. एकदा नाही, सहा वेळा. वळण बिचारं होतं तिथंच होतं. पण कधी खुणेच्या पाटीची दिशा पाहायची असे, कधी ओढ्याला पाणी किती आहे ते. एबलही शहाण्यासारखा कारण विचारत नसे, किटली चढवत असे.

एकदा पावसानं गाठलं, तेव्हा दोघं लिंडनखाली उभे राहिले. पानांवरून थेंब एकेक करून कागदावर पडत होते. एबल तिच्या खांद्यावरून वाचत होता, आणि तो किती जवळ उभा आहे हे दोघांनाही कळत होतं.

“‘हॉब्सच्या शेताशी कुत्रा. भुंकतो, चावत नाही.’ हा कुत्रा मरून चार वर्षं झाली.”

“बाबांना माहीत होतं. पण ती ओळ त्यांच्यानं काढवेना.”

“आणि तुझ्यानं?”

तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. तिनं कागद घडी करून खिशात ठेवला. “माझ्यानंही… राहू दे. भुंकू दे त्याला.”

एबल हसला, आणि त्या हसण्यानं ती कामातून गेली. घरी जाताना चौदा मैल ती स्वतःला बजावत होती की विमानाचं तिकीट काढलेलं आहे.

ऑगस्टच्या अखेरीस कार्डं छापायला द्यायची वेळ आली.

“नव्या फळीवर काय कोरणार?” तिनं विचारलं.

“तुझ्या बाबांचं नाव, एवढं समितीत ठरलंय. पुढचं ठरतंय. तू कार्डावर लिही : शेवटचे तीन शब्द कोणते?”

“कोरलेलंच नाही, आणि शेवटचे तीन शब्द?”

“तीनच असतील. माझ्यावर सोड.”

ती दाराशी रेंगाळली. “चार तारखेला विमान आहे, एबल.”

“हो. म्हणाली होतीस.” रंधा थांबला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “चहा हवाय?”

या भागात माणसं अशीच. जीव ओवाळून टाकावा इतकं काही आवडलं, तर म्हणतील, ‘वाईट नाही.’ थर्झाही याच मातीतली, पण त्या दिवशी तिला ते सोसवेना.

“चहा नको! तुला दुसरं काहीच म्हणायचं नाही?”

त्यानं रंधा खाली ठेवला. “दोन वर्षं बापाचं आजारपण काढलंस. आत्ता कुठं मोकळी झालीस. तुझ्या वाटेत खोडा घालणारा मी कोण?”

ती सायकलवर बसली आणि मागं न बघता निघाली. ओढ्यापाशी थांबून पोटभर रडली. नंतरचे चार आठवडे तिला एल्डिंग ग्रीनचं कोणतंही वळण तपासावंसं वाटलं नाही.

फेरीच्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. शेवटच्या गावच्या सभागृहात थर्झा शिक्का घेऊन टेबलाशी बसली. शेवटचा सायकलस्वार येईपर्यंत टेबल सोडायचं नाही, हाही वडिलांचाच दंडक. शेजारी मिसेस टॅप्सेल केक कापत होत्या. एल्डिंग ग्रीनच्या समितीच्या अध्यक्षा. दरवर्षी केक त्यांचाच.

दुपारी अडीचला पहिलं जोडपं निथळत आत आलं. कार्डं टेबलावर ठेवून, तिची नजर चुकवून, थेट केककडे गेलं.

थर्झानं कार्ड पाहिलं. एकसष्टावा मैल. ‘तिनं जाऊ नये.’

तिला वाटलं, थट्टा असेल. दुसरं कार्ड पाहिलं. ‘तिनं जाऊ नये.’ तिसऱ्यावर, चौथ्यावर तेच. गिचमिड अक्षरात, शाळकरी अक्षरात, पावसानं पसरलेल्या शाईत. एकानं खाली रेघ मारली होती. एकानं पुढं जोडलं होतं : ‘आमचंही तेच म्हणणं.’ बाराव्या कार्डापासून शिक्का तिरका पडायला लागला.

“तुम्हाला ठाऊक होतं!” ती मिसेस टॅप्सेलना म्हणाली.

“चार आठवडे पोटात ठेवलं, पोरी. मी! समितीत अकरा मिनिटं चर्चा झाली. विरोध एकट्या खजिनदाराचा, तोही स्वल्पविरामाला.”

थर्झाला हसू आलं आणि रडूही. उठून पळावंसं वाटत होतं; पण बेचाळीस आले होते, एक बाकी होता. गॅरड आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर, वडिलांचे जुने दोस्त. साडेचार वाजले. पावणेपाच. एरवी चहा पिऊन घरी जाणारी मंडळी आज हलायला तयार नव्हती. सगळे दाराकडे बघत होते.

पाच वाजायला पाच मिनिटं असताना आजोबा आले. त्यांनी शांतपणे हातमोजे काढले, चष्मा पुसला, कार्ड पुढं केलं.

“माझं अक्षर लागतंय ना गं?”

“लागतंय, आजोबा.” तिनं शिक्का मारला.

“मग बसलीस काय? मी शेवटचा. एडमंडचा दंडक संपला, ऊठ!”

एल्डिंग ग्रीन फेरीच्या रस्त्यानं एकोणीस मैल, आणि शेतांमधून सहा. आयुष्यात पहिल्यांदा थर्झानं वडिलांचा रस्ता सोडून जवळचा धरला.

एबल बाकावर बसला होता, ओलाचिंब, हातात स्क्रूड्रायव्हर. ती आली तसा उठून उभा राहिला. कोऱ्या ओकच्या फळीवर स्वच्छ अक्षरं होती :

‘एडमंड पास्क. हा रस्ता त्यांनी आखला. मुलगी त्यांच्यासारखीच, तिनं जाऊ नये.’

फळी दोन स्क्रूंवर बसवली होती.

“स्क्रू?” ती धापा टाकत म्हणाली.

“तुला जायचंच असेल तर… पाच मिनिटांत निघेल. आत नुसत्या नावाची दुसरी फळी तयार आहे. तुला अडवायचं नव्हतं, थर्झा. पण न सांगता जाऊ देणंही जमेना.”

“सगळ्या सफकला सांगितलंस. मला तोंडानं सांगता येत नव्हतं?”

“तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा चहाच तोंडातून निघाला.”

“आता सांग.”

पाऊस थांबला होता. झाड तेवढं गळत होतं. एबलनं केसांवरून हात फिरवला, जमिनीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर. जाऊ नकोस.”

तिनं वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं. मग हात पुढं केला. “स्क्रूड्रायव्हर दे इकडे.”

त्याचा चेहरा उतरला. तरी त्यानं दिला. तिनं पहिला स्क्रू काढला, दुसरा काढला, फळी उराशी धरली आणि दोन्ही स्क्रू त्याच्या ओल्या तळहातावर ठेवले.

“जा,” ती म्हणाली, “आता खुंट्या घेऊन ये.”