साडेदहाची भरती

"अजून अर्धा तास थांबलो तर आभाळ कोसळणार आहे का गं, ताई?"

धाकटी गाडीच्या पायरीवर बसून पायांची ओली वाळू झटकत होती, आणि थोरली आत शेगडीखालचे खण एकामागून एक बंद करत होती... खट्, खट्, खट्! प्रत्येक खणाला बाबांनी बसवलेली लाकडी खिट्टी होती, वळणावर खण बाहेर येऊ नयेत म्हणून, आणि त्या खिट्ट्यांवर ती आज जरा जास्तच जोर काढत होती.

"दहा वाजले. शेवटचा किनारा अजून दोन तासांवर आहे," ती म्हणाली.

"असू दे की! तो काय पळून जाणारेय? त्या दीपगृहापाशी तू चपलासुद्धा काढल्या नाहीस. काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मी मूठभर वाळू हातात घेते न घेते तोच तुझा हॉर्न! आपण बाबांची इच्छा पुरी करतोय की पोस्टमनसारखी घरोघर टपालं टाकत सुटलोय?"

एरवी थोरली हसली असती. धाकटीच्या अशा बोलण्यावर ती लहानपणापासून हसत आली होती. पण गेले चार दिवस तिच्या छातीत काहीतरी सारखं धावत होतं. कुठल्याही किनाऱ्यावर पाण्याकडे दहा मिनिटं पाहत राहिलं की ते घशापर्यंत येई, आणि मग तिला उठावंच लागे. गाडी चालू असली की बरं असे. चाकं फिरत असली की तोंड मिटून ठेवता येत होतं.

"चहा थर्मासमध्ये ओत. वाटेत पी," एवढंच बोलून ती चालकाच्या जागी जाऊन बसली.

ही गाडी म्हणजे बाबांचा अट्टाहास. जन्मभर त्यांनी बसच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात सुतारकाम केलं, हजारो लोकांच्या प्रवासासाठी बाकं ठोकली, आणि स्वतः मात्र घर ते कारखाना यापलीकडे फारसे गेले नाहीत. आई गेल्यावर त्यांनी पाव पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली आणि तीन वर्षं अंगणात तिच्यावर काम केलं. बाकाखाली अंथरूण, अंथरुणाखाली पाण्याची टाकी, दाराच्या आतल्या बाजूला उघडणारं टेबल... शेजारी विचारत, "काय हो, नाव काय ठेवणार?" तर ते म्हणत, "विंचू! याचं बिऱ्हाड याच्या पाठीवर!" आणि मग स्वतःच मोठ्याने हसत.

विंचवाच्या दाराला आतून सात किनाऱ्यांची यादी चिकटवलेली होती. सगळ्यात लांबच्या टोकापासून सुरुवात, आणि शेवटचा सातवा किनारा घरापासून जेमतेम तासाभरावर, म्हणजे परतताना पाय धुऊन घरी यायचं. हे सगळं दाखवायचं होतं धाकटीला. ती दूरच्या शहरात नोकरीला. तिला ते दर रविवारी मोबाइलवर एक निरोप पाठवत. यादीतल्या एखाद्या किनाऱ्याचं नाव, तिथली त्या दिवशीची भरतीची वेळ आणि पुढे एकच प्रश्न: येतेस? गाडीला इंजिन नव्हतं, पुढची काच नव्हती, तरी निरोप जात असे. शेवटच्या वर्षी हात थरथरायला लागला तेव्हा ते खुर्चीत बसून सांगत आणि थोरली आपल्या मोबाइलवरून टाइप करून पाठवी.

त्यांच्याजवळ राहिली ती थोरलीच. शाळेतली नोकरी तिने अर्धवेळ करून घेतली, मग सोडलीच. त्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही, आणि खरं तर तिला त्याचं फारसं वाटतही नव्हतं. तिचं काळीज पोखरत होती ती दुसरीच गोष्ट.

बाबा दवाखान्यात जायला कित्येक महिने तयार नव्हते. शेवटी एका सकाळी दमच पुरेना, तेव्हा थोरलीने त्यांना नेलं, आणि कागदपत्रांच्या खिडकीपाशी उभ्या उभ्याच, वेळेवर, धाकटीला मोबाइलवर कळवलं. पाच मिनिटांत उत्तर आलं. ते तिला पाठ होतं, वेदनेसारखं पाठ होतं:

"अरे वा, एकदाचं जमलं म्हणायचं! मला नाही गं जमणार, ऑफिसात फार काम आहे. पुढच्या वेळी नक्की!"

पुढच्या वेळी!... थोरलीने ते तीनदा वाचलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाबा दाराकडे डोळे लावून विचारत राहिले, "धाकटी निघाली का?" आणि ती म्हणत राहिली, "निघालीय बाबा. रस्त्यातच आहे." दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बाबा गेले. मग तिने फोन केला. रात्रभर प्रवास करून धाकटी दारात आली तेव्हा मामा, आत्या, शेजारीपाजारी सगळे जमलेले. आत्याने सरळ विचारलं, "ही आत्ता येतेय? बाप तडफडत होता तेव्हा होती कुठे?"

आणि थोरली पुढे झाली. "तिचा दोष नाही, आत्या. मीच उशिरा कळवलं."

सगळ्यांच्या देखत तिने तो आळ स्वतःच्या डोक्यावर घेतला. बहिणीला कुणी बोल लावलेला तिला सहन होणार नव्हता. वाटलं होतं, एकांतात धाकटी येईल, गळ्यात पडून रडेल, म्हणेल, ताई, माझं चुकलं. पण धाकटीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत कृतज्ञता नव्हती... राग होता! उलटा राग! सात महिने त्या दोघी कामापुरतंच बोलल्या, आणि बाबांच्या यादीसाठी म्हणून शेवटी एकत्र निघाल्या, तेव्हाच थोरलीने मनाशी ठरवून टाकलं होतं. सातव्या किनाऱ्यावर ते उत्तर धाकटीच्या डोळ्यांसमोर धरायचं. वाच म्हणायचं, मोठ्याने वाच. आणि घरी पोचलं की ज्याने त्याने आपापल्या वाटेने जायचं. कायमचं.

म्हणून तिला घाई होती.

सातवा किनारा अगदी साधा निघाला. ना दीपगृह, ना काळी वाळू. लांबलचक पिवळट पट्टा, मागे सुरूची झाडं, एका बाजूला उपडी घातलेली होडी. होडीच्या सावलीत एक म्हातारा जाळं दुरुस्त करत बसला होता. विंचू वाळूत उतरताना पाहून तो ओरडला, "ओ बाई, एवढ्या खाली नका लावू! भरती आली की चाकांपर्यंत पाणी येतं!"

"किती वाजता येतं, काका?" धाकटीने विचारलं.

"आज दोन-अडीचला. उद्या त्याच्या पुढे. समुद्राला काय घड्याळ आहे होय, रोज पाऊण तास उशिरा येतो. माझ्या जावयासारखा!"

धाकटी खळखळून हसली. थोरलीने गाडी वर घेतली, इंजिन बंद केलं, आणि पर्समधून मोबाइल काढला. ते उत्तर शोधायला वेळ लागला नाही. तिने ते इतक्या वेळा उघडलं होतं. आता फक्त हात पुढे करायचा होता.

पण धाकटीही खाली उतरून, बॉनेटला टेकून आपल्या मोबाइलमध्ये काहीतरी पाहत होती.

"बाबांनी या किनाऱ्याची वेळ कधीतरी पाठवली असेल ना," ती म्हणाली. "त्याचा आज उपयोग नाही, माहितेय मला. नुसती बघायची होती. 'भरती' असं टाकलं ना की त्यांचे सगळे निरोप एकाखाली एक येतात. कधी कधी घरी मी तेच करत बसते... हे बघ. काळी वाळू, भरती सव्वानऊ, येतेस? दीपगृह, भरती पावणेसात. पावणेसातला काय बाबा, झोपेत येऊ?... आणि ताई, हा तुझा."

"माझा?"

"हाच तर शेवटचा." धाकटीचा आवाज बदलला. "तुला केव्हापासून विचारायचं होतं. धीरच होत नव्हता. त्या दिवशी तुम्ही दोघं कुठल्या किनाऱ्यावर गेला होतात गं?"

थोरलीला कळेना. "कुठल्या दिवशी?"

"असं काय करतेस! बाबा जायच्या आदल्या दिवशी." आणि धाकटीने वाचलं, "'बाबा भरती. साडेदहा. येशील ना?'"

समुद्राचा आवाज एकाएकी फार लांब गेला.

खिडकीमागचा माणूस म्हणत होता, बाई, इथे सही करा, इथे, आणि इथे. चाकाच्या खुर्चीत बाबा धापा टाकत होते. तिने एका हाताने टाइप केलं होतं... बाबा भरती झाले, आणि पुढे घड्याळात दिसली ती वेळ. पण 'झाले' राहिलं होतं. तो एक शब्द राहिला होता! सात महिने तिने फक्त उत्तर वाचलं होतं, त्याच्या वरची आपली ओळ कधीच नाही. आणि ज्या घरात वर्षानुवर्षं दर रविवारी भरती म्हणजे समुद्रच होता, त्या घरातल्या मुलीने दुसरं काय वाचावं?

अरे वा, एकदाचं जमलं म्हणायचं... पुढच्या वेळी नक्की...

"मी किती जळले होते तुमच्यावर!" धाकटी सांगत होती. डोळे पुसत, पाण्याकडे पाहत. "म्हटलं, तीन वर्षं मला बोलवत होते आणि निघाले ते नेमके मी नसताना. आणि दुसऱ्या दिवशी तुझा फोन!... ताई, तू मला उशिरा कळवलंस. त्याचा राग आहे मला, खोटं कशाला बोलू? पण एक सांगू? मी तगले ती याच एका गोष्टीवर. म्हटलं, दवाखान्यात न्यावं लागण्याआधी, आदल्या दिवशी तरी बाबा त्यांच्या विंचवातून समुद्रावर गेले. त्यांना हवं ते मिळालं. तू नेलंस त्यांना. तेवढ्यासाठी तुझे पाय धरावेत असं कितीदा वाटलं... पण राग आडवा यायचा."

थोरलीने मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

एक वाक्य पुरे होतं. अगं, ती दवाखान्यातली भरती होती. मग ही पोरगी काय करील? पहिल्यांदा आपलंच उत्तर वाचील. 'अरे वा' वाचील. आणि जन्मभर वाचत राहील, जसं आपण सात महिने वाचलं... आणि बाबा कधीच समुद्रावर गेले नाहीत, हेही तिला त्याच क्षणी कळेल.

आणि आपण? एका निरोपाने दुखावलो म्हणून पुन्हा फोन उचलला नाही! सबंध एक दिवस आणि एक रात्र मोबाइल पर्समध्ये होता. बाबा विचारत होते, आणि आपण मानी बाईसारखे गप्प बसलो. एक फोन केला असता तर धाकटी रात्रीत निघाली असती, सकाळी पोचली असती, बाबांचा हात तिच्या हातात असता... मीच उशिरा कळवलं! खोटा आळ म्हणून जो कौतुकाने कपाळावर मिरवला, तो तर अक्षरन् अक्षर खरा होता.

"ताई? बोल ना. कुठे गेला होतात?"

"इथेच," थोरली म्हणाली.

"इथे? या किनाऱ्यावर?"

"घरापासून जवळ. त्यांना लांबचा प्रवास झेपला नसता."

"मला वाटलंच होतं!... काय म्हणाले गं बाबा?"

थोरली गाडीतून उतरली. पाय वाळूत रुतले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, पण इथे फार खोटं बोलावंच लागणार नव्हतं.

"तुझीच वाट बघत होते. सारखं विचारत होते, धाकटी निघाली का?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"निघालीय म्हटलं. रस्त्यातच आहे."

"खोटारडी!" धाकटी रडता रडता हसली. "मग?"

"मग... बरं वाटलं त्यांना. डोळे मिटून पडून राहिले. चेहरा शांत होता." तिचा स्वर फुटला. "चिमे, मी तुला फोन करायला हवा होता गं. तेव्हाच. लगेच. मी केला नाही. फार मोठं चुकलं माझं... मला माफ कर!"

धाकटी जवळ आली आणि लहानपणी यायची तशी तिच्या खांद्यात डोकं खुपसून उभी राहिली.

"हे तू आत्याला सांगितलंस, मामाला सांगितलंस, सगळ्या गावाला सांगितलंस," ती हुंदक्यांतून म्हणाली. "मलाच तेवढं नाही सांगितलंस! मी त्याचीच वाट बघत होते, ताई..."

होडीपाशी म्हाताऱ्याने मान खाली घालून जाळ्यात सुई ओवली, जणू त्याला काही दिसतच नव्हतं. पाणी चढत होतं. गाडी सुरू करायची थोरलीला इच्छा झाली नाही. बऱ्याच वेळाने धाकटीने नाक पुसलं आणि विचारलं, "बसले कुठे होते?"

थोरलीने किनाऱ्यावरून नजर फिरवली. सुरूच्या दोन झाडांमध्ये थोडी सावली होती, आणि तिथून पाणी सरळ समोर दिसलं असतं. दम लागलेल्या माणसाला तीच जागा आवडली असती.

"तिथे," तिने बोट दाखवलं.

धाकटी चालत गेली. जिथे बाबा कधीच आले नव्हते, त्या वाळूवर तिने हळूच तळहात ठेवला, आणि मग शेजारी मांडी घालून बसली. थोरली मागोमाग जाऊन तिला चिकटून बसणार, तोच धाकटीने तिचा हात धरून तिला थांबवलं.

"अगं, तिथे नको! तिथे बाबा होते ना? तू पलीकडे बस."

थोरली पलीकडे जाऊन बसली.