ज्योतीचं तेल

"आधी सिलिंडर जाईल, मग तुम्ही," लिफ्टच्या दारात हात आडवा घालून तो म्हणाला.

"काहून? ऑपरेशन तुमच्या सिलिंडरचं आहे का?"

मास्कच्या वर त्याचे नुसते डोळे हसले. त्या सकाळी मला कुणाचंही हसणं खपत नव्हतं. छातीतली गाठ काढायला आईला नुकतंच आत नेलं होतं. जाताना तिनं बजावलं होतं, "यामिनी, एकदाच. काही राहून गेलं तर मी दुसऱ्यांदा त्या टेबलावर चढत नाही." आई बोलली म्हणजे बोलली.

शेवटी आम्ही तिघं वर गेलो. मी, तो आणि सिलिंडर. त्याचं नाव प्रशिक, नागपूरचा. सिलिंडर त्याच्या मशीनचा, मास स्पेक्ट्रोमीटरचा. रायपुरात नवीनच आलेलं. डॉक्टर विजेच्या सुरीनं कापतात, तो धूर मशीन हुंगतं, आणि कापलेल्या कडेला कॅन्सर उरलाय का ते तिथल्या तिथं सांगतं.

"आत माझी आई आहे," मी म्हणाले.

तो माझ्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "मी पण आतच आहे..."

बऱ्याच वेळानं तोच बाहेर आला. डोळे हसत नव्हते.

"काकूंनी अंगाले काही लावलं होतं?"

ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळात देवीपुढं तेवणाऱ्या ज्योतीचं तेल पहाटे आईनं माझ्याच हातानं छातीला, काखेत लावून घेतलं होतं. नर्सनं नको म्हटलं असूनही.

"तेल... मीच लावलं. मले काय बोलायचं ते बोला, पण आई—"

"मशीन चरबीवरूनच ओळखते, अन् तेल बी चरबीच. चामडीकडची सगळी कड खराब दाखवून राहिली. ते खरं असेल तर पूर्ण स्तन काढावा लागेल, म्हणून डॉक्टर थांबले. बरं झालं सांगितलं."

तो आत पळाला. मी भिंतीला टेकले. मला देवीचा राग आला, स्वतःचा तर विचारूच नका. आणि त्यातही त्या बंद दाराकडे बघताना त्याचेच डोळे आठवत होते. खोटं कशाला बोलू?

दार उघडलं.

"पुसून पुन्हा पाहिलं. एकच जागा खरंच खराब होती, तेवढी काढली. आता कड स्वच्छ आहे. पक्का रिपोर्ट लॅबचा येईल, पण..." त्याचे डोळे पुन्हा हसले. मी तिथंच, त्याच्यासमोर, ओक्साबोक्शी रडले.

संध्याकाळी तो विचारपूस करायला आला, तेव्हा आई जागी होती.

"देवीच्या तेलानंच निभावलं ना?" ती पुटपुटली.

त्या तेलानं त्याच्या जिवाला किती घोर लावला होता, ते मी पाहिलं होतं.

"हव, काकू," तो म्हणाला. "तेलानंच."

लिफ्टपाशी मी त्याला गाठलं. "खोटं काहून बोलले?"

"खोटं कुठं?" त्यानं पहिल्यांदाच मास्क काढला. "तेल नसतं तर मी बाहेर कशाले आलो असतो... तुमच्याकडे?"

लिफ्ट आली. त्यानं दार धरलं. "आधी तुम्ही."

"नाही," मी म्हणाले. "सोबतच जाऊ."